मिठातले जीव आणि सोसणाऱ्या आपण

(जळकोट येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, "लोणारच्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, ते देवीच्या कोपानं का?" मी घाईत होते. 'नाही' एवढंच म्हणून उठले. पण नुसतं 'नाही' हे काही उत्तर नव्हे. घरी गेल्यावर ते टोचत राहिलं. इतकी वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा आज त्या प्रश्नाचं नीट उत्तर देते. त्याला जोडून आपल्याबद्दलही थोडं बोलणार आहे.

आधी स्वयंपाकघरात जाऊ. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. मीठ काकडीच्या आतलं पाणी ओढून घेतं. लोणचं टिकतं तेही यामुळेच. बुरशीच्या आणि जंतूंच्या अंगातलं पाणी मीठ ओढून घेतं, त्यामुळे त्यांना वाढता येत नाही. मीठ कमी पडलं की बुरशी धरते, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

मग ज्या पाण्यात मीठच मीठ आहे, तिथं कुणी जगत असेल का? असतं. लोणारचं सरोवर आपल्या मराठवाड्याला लागूनच, बुलढाणा जिल्ह्यात आहे. फार फार वर्षांपूर्वी उल्का आदळून काळ्या पाषाणात पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पडला, त्यात हे तळं आहे. पाणी नुसतं खारट नाही, सोड्याचंही आहे. सोडा म्हणजे आपल्या पापडखाराच्या जातीचा. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी दिसू लागलं. नाना तर्क झाले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही त्याची दखल घेतली. पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात हॅलोआर्किया नावाचे, मिठातच वाढणारे सूक्ष्म जीव सापडले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि या जिवांचं फावलं. त्यांच्या अंगात गाजराच्या रंगाच्या जातीचं एक रंगद्रव्य असतं, ते कडक उन्हापासून त्यांचं रक्षण करतं. पाणी भांड्यात स्थिर ठेवलं तर हे जीव तळाशी बसायचे आणि वरचं पाणी नितळ व्हायचं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, जिवांचा होता. कोप कुणाचाच नव्हता.

आता हे जीव काकडीसारखे सुकत का नाहीत? ते पोटॅशियमचं मीठ आपल्याच अंगात भरून घेतात. बाहेर खारट, आतही खारट, मग पाणी ओढलं जाणार कसं? पण इतक्या मिठात साध्या जिवाची प्रथिनं गोळा होऊन निकामी होतील. यांच्या प्रथिनांची घडणच वेगळी असते. त्यांचा बाहेरचा भाग पाणी धरून ठेवतो. दुसरी रीत डुनालिएला या शेवाळाची आहे. ते अंगात मीठ न भरता ग्लिसरीन तयार करतं आणि बाहेरचं मीठ वाढेल तसं ग्लिसरीन वाढवतं.

इथं कुणी म्हणेल, "बघा, एवढासा जीवसुद्धा परिस्थितीशी जुळवून घेतो. बाईच्या जातीनंही सोसायला शिकावं." ही वाक्यं आपण जन्मभर ऐकली. म्हणून सांगते, यात दोन चुका आहेत.

पहिली चूक म्हणजे हे जीव मीठ सोसत नाहीत, मीठ हे त्यांचं घर आहे. त्यांना गोड्या पाण्यात टाका, ते फुटून मरतात. दुसरी चूक म्हणजे एकाही जिवानं मनावर घेऊन स्वतःला बदललेलं नाही. अगणित पिढ्या गेल्या. ज्यांची घडण मिठाला जुळली ते उरले, बाकीचे मेले. विज्ञानात जुळवून घेणं म्हणतात ते हे. एका बाईच्या एका आयुष्यात ते घडत नाही. आपल्या रक्तात मीठ अगदी बेतानं असतं. जुलाबाच्या वेळी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धाच चमचा मीठ घाला, असं आपण सांगतो ते त्यासाठीच. मीठ जास्त झालं तर तेच पाणी बाळाच्या जिवावर उठतं.

हे मी इथं का बोलते? येत्या दसऱ्यानंतर आपल्या टोळ्या ऊसतोडीला निघतील. तिथं आडोसा नाही, धड पाणी नाही, पाळीत विसावा नाही. एक खाडा झाला तर दंड. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवी काढली की पाळीची कटकट नाही, खाडा नाही, असं कितीजणींना वाटलं, कितीजणींच्या गळी उतरवलं गेलं! परिस्थिती तशीच ठेवली आणि बाईचं शरीर कापून त्या परिस्थितीत बसवलं. याला जुळवून घेणं म्हणायचं का?

लोणारच्या जिवांना तळं बदलता येत नाही. आपल्याला फड बदलता येतो. म्हणून जाण्याआधी मुकादमाशी एकत्र बोलू या. आडोसा, प्यायचं पाणी, पाळीत दंडाविना सुट्टी या गोष्टी उचल घेण्याआधीच ठरवू या, घेतल्यावर नाही. आणि कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

त्या ताई आज आल्या आहेत, मागे बसल्या आहेत. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता पुढचा प्रश्न तुम्ही विचारा, मी घाईत नाही.