टोचण्याआधी पाच बोटांवर पाच प्रश्न

मी तुमच्या तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक. एरवी आपण बोलतो ते हप्ते, पासबुक आणि व्याजाबद्दल. आज बोलायचंय टोचण्याबद्दल. कान टोचणं, नाक टोचणं, आणि हल्ली मोबाइलमधून आपल्या घरापर्यंत पोचलेलं पण कुणी उघड बोलत नाही असं अवघड जागेचं टोचणं. भाजी निवडता निवडता ऐका, पण शेवटपर्यंत ऐका.

सोनारानेच कान टोचावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आपण उपदेशासाठी वापरतो, पण तिच्या पोटात साधा व्यवहार आहे. नाजूक काम जाणत्या हाताने व्हावं. आता जत्रेत, आठवडी बाजारात, पार्लरमध्ये, कुठेही टोचून मिळतं. म्हणून हाताची पाच बोटं धरा आणि पाच प्रश्न लक्षात ठेवा. कोण टोचतंय? कशाने टोचतंय? काय घालणार? माझं शरीर तयार आहे का? आणि मर्जी कुणाची?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. टोचणं म्हणजे जखम. पायात काटा गेला की आपण तो काढतो आणि जखम भरते. इथे काटा काढायचा नसतो, त्याच्याभोवतीच कातडी भरून यायची असते. म्हणून वेळ लागतो. कानाची पाळी मऊ असते, ती सहा ते आठ आठवड्यांत भरते. नाकपुडीला दोन ते चार महिने, कधी त्याहून जास्त. बुगडी घालतो ती कानाची वरची कड पाळीसारखी नसते. तिथे आत कडक कूर्चा असते, तिला रक्ताचा पुरवठा कमी, म्हणून तीन महिन्यांपासून वर्षभरही लागू शकतं. तिथे जंतू शिरले तर कूर्चा गळून कान कायमचा वाकडा होऊ शकतो. बेंबीला सहा महिने ते वर्ष. तिथे साडीची निरी, परकराची नाडी घासते, घाम साठतो. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईने याचा विचार आधी करावा.

पहिलं बोट, कोण टोचतंय. त्या माणसाने तुमच्यासमोर साबणाने हात धुतले का? नवे हातमोजे घातले का? तुमच्या आधी कुणाचे कान टोचले आणि तेच हात तुमच्याकडे आले का? विचारायला लाजू नका. बाजारात भेंडी घेताना आपण मोडून बघतो. हे तर आपलं अंग आहे.

दुसरं बोट, कशाने. सुई नवी, बंद पाकिटातली, तुमच्यासमोर फोडलेली आणि एकदाच वापरून टाकून देण्याची असावी. सुई दिव्याच्या ज्योतीवर धरली, पाण्यात उकळली, स्पिरिटने पुसली, एवढ्याने ती पुरती जंतुमुक्त होत नाही. दवाखान्यात कुकरसारखं यंत्र असतं, ऑटोक्लेव्ह. त्यात १२१ अंश उष्णतेची वाफ दाबाखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवतात, तेव्हा हत्यार खरं स्वच्छ होतं. पार्लरमधली ती टक्कन टोचणारी गन असते ना, तिचे प्लास्टिकचे भाग या यंत्रात घालता येत नाहीत. शिवाय ती कातडी कापत नाही, बोथट कडी जोराने आत दाबते. कानाच्या वरच्या कडेला आणि नाकाला ती वापरू देऊ नका.

एवढी काळजी कशाला? एका सुईवरून दुसऱ्या अंगात तीन मोठे आजार जाऊ शकतात, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळ करणारा विषाणू. तो अंगाबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सुई चकचकीत दिसली म्हणून ती स्वच्छ होत नाही. हिपॅटायटिस बीवर लस आहे. सरकारी दवाखान्यात ती बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत देतात, पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून मिळते. याच पेंटाव्हॅलंटमध्ये धनुर्वाताचीही लस असते. म्हणून बाळाचे कान बाराव्या दिवशी टोचायची घाई करू नका. हे तीन डोस होऊ द्या. आजीला सांगा, मुहूर्त पुढचाही मिळतो.

तिसरं बोट, काय घालणार. खोट्या दागिन्यात बहुधा निकेल असतं. निकेल सोसत नाही अशा खूप बाया आहेत. खाज येते, पाणी सुटतं, कान चिघळतो आणि आपण म्हणतो, माझा कान पिकतो. कान पिकत नाही, धातू सोसत नाही. ताज्या जखमेत चांगलं सोनं, किंवा शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम किंवा स्टील घालावं. फॅशनचे झुमके जखम पूर्ण भरल्यावर.

चौथं बोट, माझं शरीर तयार आहे का. गरोदर असाल तर नवीन टोचणं नको, बाळंतपण होऊ द्या. साखरेचा आजार असेल आणि साखर ताब्यात नसेल तर जखम लवकर भरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा हृदयाच्या झडपेचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. अंगावर जुन्या जखमेचा वण जाड, फुगीर, गाठीसारखा वाढला असेल तर टोचल्या जागीही तशीच गाठ येऊ शकते. रक्त कमी असेल, अंगात ताप असेल, टोचायच्या जागी पुरळ असेल, तर थांबा.

आता अवघड विषय. रेडिओचा आवाज कमी करायची गरज नाही, पण लहान मुलं जवळ असतील तर त्यांना अंगणात पाठवा.

मध्यंतरी एका गटाची बैठक संपल्यावर एक बाई मागे थांबली. तिची लेक लग्न होऊन शहरात गेली आहे. जावयाने मोबाइलमध्ये काही पाहिलं आणि म्हणतोय, तूही खाली टोचून घे. लेकीने आईला फोनवर विचारलं, आईने मला. असं खरंच असतं का? आणि करावं का?

असतं. काही देशांत सज्ञान बाया स्वतःच्या हौसेने अशा जागी दागिना घालतात. त्यांना नावं ठेवायचं आपल्याला कारण नाही. पण त्याने आरोग्याचा कोणताही फायदा होत नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी, ती जागा कशी आहे हे माहीत असल्याशिवाय कुणी हो म्हणू नये. आपल्यातल्या अनेकींनी ती कधी नीट पाहिलेलीही नसते. बाहेर दोन जाड ओठ, आत दोन पातळ ओठ. वर जिथे आतले ओठ मिळतात तिथे छोटा दाणा असतो, त्याला शिश्निका म्हणतात. त्यावर कातडीची टोपी असते. खाली लघवीची जागा, त्याखाली योनीमार्ग.

जगात जास्त चालणारा प्रकार म्हणजे त्या टोपीच्या कातडीला टोचणं. त्यात दाण्याला हात लागत नाही. ती कातडी पातळ असते, चार ते आठ आठवड्यांत भरते. पण प्रत्येकीची टोपी सारखी नसते. कुणाची इतकी घट्ट किंवा लहान असते, की तिथे दागिना मावतच नाही. जाणती व्यक्ती आधी तपासते आणि जिथे जमत नाही तिथे नाही म्हणते. सगळ्यांना बसतं, असं सांगणाऱ्याकडून उठून यावं. दुसरा प्रकार आतल्या ओठांचा. तेही लवकर भरतात, पण पातळ असल्याने कपड्यात अडकून फाटू शकतात. तिसरा बाहेरच्या ओठांचा. ते जाड असतात, भरायला काही महिने लागतात, आणि बसताना, सायकलवर, गाडीवर सतत दाब येतो. प्रत्यक्ष दाण्याला टोचणं सगळ्यात धोक्याचं. तिथे नसांचं दाट जाळं असतं, एक चूक झाली तर तिथली जाणीव कायमची जाऊ शकते.

आपल्या रोजच्या कामाशी हे ताडून बघा. भातलावणीत गुडघाभर चिखलात उभं राहायचं, नदीवर, विहिरीवर, तळ्यावर अंघोळ करायची, पाळीत कापड वापरायचं. ताज्या जखमेला हे काहीच चालत नाही. कापडाचे धागे दागिन्यात गुंततात. जखम भरेपर्यंत नवऱ्याशी संबंध ठेवायचे नाहीत, भरल्यावरही निरोध वापरताना तो कडीने फाटू शकतो. पुढे बाळंतपणाला जाताना नर्सताईंना आधी सांगावं लागतं, म्हणजे दागिना वेळेवर काढता येतो. आणि कान टोचणाऱ्या पार्लरवालीला हेही येत असेल, असं कधी समजू नका.

मग पाचवं बोट, अंगठा. मर्जी कुणाची? हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, कारण अंगठ्याशिवाय बाकीच्या चार बोटांनी काही धरता येत नाही. सुई नवी असली, हात स्वच्छ असला, दागिना सोन्याचा असला, पण बाईच्या मनात नसेल, तर उत्तर एकच, नाही. नवऱ्याला आवडतं म्हणून, नाही म्हटलं तर तो दुसरीकडे जाईल या भीतीने, मारहाणीच्या धाकाने दिलेला होकार हा होकार नसतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे. बाईची अब्रू, मान दुखावणारी लैंगिक जबरदस्ती त्यात हिंसाच मानली आहे. ती नवऱ्याने केली तरी. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो.

आणि मुलींच्या बाबतीत तर चर्चाच नको. १८ वर्षांखालच्या मुलीच्या अशा जागी परंपरा म्हणून, शुद्धी म्हणून किंवा फॅशन म्हणून सुई, ब्लेड, काहीही लागता कामा नये. मुलींच्या गुप्तांगाला इजा करणाऱ्या प्रथांचे जागतिक आरोग्य संघटनेने चार प्रकार सांगितले आहेत. वैद्यकीय कारण नसताना तिथे टोचणं, भोसकणं हे त्यातल्या चौथ्या प्रकारात येतं. दर वर्षी ६ फेब्रुवारीला जगभर या प्रथांविरुद्ध दिवस पाळतात. असं काही कानावर आलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा.

त्या आईला मी हेच सांगितलं. लेकीला म्हणावं, तुझ्या मनात काय आहे ते आधी तू ठरव. मनात नसेल तर नाही म्हण, आणि नाही म्हणताना आई पाठीशी आहे हे तुला माहीत असू दे.

आता कुठेही टोचलेलं असो, काळजी कशी घ्यायची ते सांगते. हात साबणाने धुतल्याशिवाय जखमेला लावू नका. दिवसातून दोनदा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनने जागा धुवा आणि स्वच्छ कापसाऐवजी निर्जंतुक गॉजने टिपा, कापसाचे तंतू अडकतात. हळद-तेल, राख, चुना, शेण काही लावू नका. हळद जेवणात चांगली, पण डब्यातली हळद जंतुमुक्त नसते. कडी रोज फिरवायची असते असं आपल्याला सांगतात. फिरवू नका, त्याने आतली नवी कातडी फाटते. पहिले काही दिवस थोडी सूज, थोडं दुखणं, पांढुरकं पाणी वाळून खपली येणं, एवढं होतंच.

पण लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पिवळा-हिरवा पू आला, ताप आला, किंवा स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पू झालेला असताना दागिना आपल्या मनाने उपसू नका. वरचं भोक बंद होतं आणि पू आत कोंडतो. जबडा आखडला, तोंड उघडेना, तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा, धनुर्वात असू शकतो. जुन्या सुईने टोचलं गेलं अशी शंका असेल तर ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त ठेवतात. खालच्या जागेचं दुखणं असेल तर बाई डॉक्टर मागा, सोबत आशाताईंना न्या. डॉक्टरसाठी ती जखमच असते, लाज वाटून घरी बसलात तर जखम वाढते.

गटांसाठी एक काम सांगते. पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं ठेवा आणि हे पाच प्रश्न मोठ्याने म्हणा. जत्रा जवळ आली असेल तर ग्रामसंघाने ग्रामपंचायतीला आणि उपकेंद्राच्या नर्सताईंना सांगावं, टोचणाऱ्याच्या पालावर प्रत्येकासाठी नवी सुई आहे का ते बघून या. बंद पाकीट नसेल तर पाल लागू द्यायचं नाही, एवढं म्हणायची ताकद दहा बायांच्या गटात नक्कीच आहे.

तुमचे प्रश्न असतील तर नाव न घालता चिठ्ठी गटाच्या अध्यक्षताईंकडे द्या. पुढच्या वेळी उत्तरं घेऊन येते. नमस्कार.