पाळक जातो, कळप राहतो
(महोत्सवानिमित्त ओझर येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी मागील वर्षांचा हिशेब घ्यावा, ही रीत चांगलीच आहे. अशा वेळी येऊन गेलेल्या धर्मगुरूंच्या तसबिरी आपण एका ओळीने लावतो. ती ओळ पाहून आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: दोन तसबिरींच्या मधल्या रिकाम्या जागेत धर्मग्रामाचे काय होते? धर्मगुरूंची बदली ठरली म्हणजे घरोघर हळहळ ऐकू येते, क्वचित सह्यांचे अर्जही फिरतात, आणि नवे धर्मगुरू पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांच्याविषयी दोन तट पडलेले असतात. म्हणून आज याच विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. त्याकरिता उदाहरण आम्ही आपल्या मेथडिस्ट बंधूंचे घेतो. कारण बदली ही गोष्ट त्यांच्या मंडळीच्या पायातच घातलेली आहे.

दुसऱ्यापासून शिकण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयी आदेश काढला, आणि १९६७ पासून कॅथलिक व मेथडिस्ट यांच्यात संवाद चालू आहे. जो संवाद रोममध्ये शोभतो तो ओझरमध्येही शोभावा.

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांचे मत असे होते की, एकच उपदेशक एका ठिकाणी फार दिवस राहिला तर त्याचीही धार जाते आणि ऐकणाऱ्यांचीही. म्हणून त्यांनी आपले उपदेशक सतत फिरते ठेविले. अमेरिकेतील मेथडिस्टांनी तर १८०४ साली नियमच केला की, कोणीही पाळक एका जागी दोन वर्षांहून अधिक राहू नये. ही मुदत १८६४ साली तीन वर्षे व १८८८ साली पाच वर्षे झाली. आणि १९०० साली ती मर्यादा काढून टाकण्यात आली. तथापि नेमणूक बिशपांनी करावी आणि पाळकाने ती शिरसावंद्य मानावी, हे तत्त्व कायम राहिले.

मग पाळक असे वारंवार बदलत असता मंडळ्या मोडल्या कशा नाहीत? याचे उत्तर ब्रिस्टल शहरी १७४२ साली घडलेल्या एका साध्या गोष्टीत आहे. प्रार्थनामंदिरावरील कर्ज फेडण्याकरिता दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करावी असे ठरले, आणि सुमारे बारा जणांमागे एकाने ती वसूल करण्याचे पत्करले. तो दारोदार जाऊ लागला, तेव्हा त्यास पैशाबरोबर घरातील सुखदुःखही कळू लागले. कोण आजारी आहे, कोणाचे पाऊल घसरले आहे, कोण प्रार्थनेस येईनासा झाला आहे, याची खबर तो ठेवू लागला. हा मनुष्य दीक्षित नव्हता. तो त्याच गावचा रहिवासी होता. उपदेशक जात, परंतु हा राहत असे. वर्गणीचे काम हाच पुढे आत्म्यांच्या काळजीचा आधार झाला.

आता आपल्या मुंबईकडे पाहू. विल्यम टेलर नावाचे अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक १८७१ साली मुंबईस आले. त्यांनी प्रथम इमारत उभारली नाही. घराघरांतून लहान लहान मंडळे जमविली आणि ती त्या त्या ठिकाणच्या लोकांच्या हाती दिली. १८७३ साली ते कलकत्त्यास निघून गेले. पुढे १८७४ साली तेथील काम जेम्स थोबर्न यांनी हाती घेतले. मुंबईतील मंडळीस मात्र जॉर्ज बोवेन यांचा आधार लाभला. बोवेन १८४८ साली मुंबईत आले होते. मिशनचा पगार सोडून अत्यंत साधेपणाने राहिलेला हा मनुष्य ४० वर्षे मायदेशी परतला नाही, आणि १८८८ साली मुंबईतच वारला. कुलाब्यातील बोवेन मेमोरियल चर्च त्यांचेच नाव धारण करिते.

बंधुभगिनींनो, एकजण दोन वर्षांच्या आत गेला, दुसरा ४० वर्षे राहिला. यांत थोर कोण, असा प्रश्न आम्ही विचारीत नाही. जाणाऱ्याने काम आपल्या नावाशी बांधून ठेविले नाही, आणि राहणाऱ्याने ते स्वतःच्या मालकीचे मानले नाही, म्हणून मंडळी टिकली.

आपल्याकडील व्यवस्था निराळी आहे. धर्मगुरूंस स्थैर्य असावे अशी आपल्या धर्मसभेच्या कायद्याची अपेक्षा आहे. तरी आत्म्यांच्या हिताकरिता बिशप त्यांची बदली करू शकतात. बदलाचा अनुभव आपल्या नाशिक धर्मप्रांतासही आहे. १९८७ साली धर्मप्रांत स्थापन झाल्यापासून २००७ पर्यंत बिशप थॉमस भालेराव यांनी तो सांभाळिला. २००८ साली फेलिक्स मच्याडो आले, ते २००९ साली वसईस नेमले गेले. आणि २०१० साली लुर्ड्स डॅनियल आले. या थोड्या अवधीत धर्मप्रांताची वेदी ओस पडली नाही, कारण गावोगावचे धर्मशिक्षक, माता आणि तरुण आपापल्या जागी उभे होते.

ओझरकरांस तर हे समजावयास दूर जाणे नको. १९६४ साली मिग विमानांकरिता येथे कारखाना उभा राहिला. ती मिग-२१ विमाने २०२५ साली हवाई दलातून निवृत्त झाली. कारखाना उभाच आहे. परप्रांतातून बदलून येथे आलेल्या कुटुंबांना परके गाव आपलेसे करण्याचे कष्ट ठाऊक आहेत. आणि आपला द्राक्षबागायतदार जाणतो की, छाटणीवाचून घड धरत नाही. वेलीला जखम होते ती याच हेतूने.

परंतु ही जखम खरी असते, हे विसरू नये. मेथडिस्ट पाळकाच्या बदलीबरोबर त्याची पत्नी व मुले यांचेही घर व शाळा बदलतात. आपल्या धर्मगुरूंना कुटुंब नाही. म्हणूनच ज्या घरांनी त्यांना जेवू घातले, ज्या मुलांना त्यांनी बाप्तिस्मा दिला, तीच त्यांची माणसे असतात. निरोपाच्या दिवशी हार घालणे सोपे आहे. त्यानंतर एखादे पत्र, आजारपणात एखादी भेट, हे खरे कृतज्ञतेचे काम होय.

म्हणून आमची विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या आणि पैशाचा हिशेब असा चोख असावा की, नव्या धर्मगुरूंना कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये. दुसरी, प्रत्येक वस्तीत एका तरी कुटुंबाने आजाऱ्यांची व एकाकी वृद्धांची यादी ठेवावी आणि ती नव्या धर्मगुरूंच्या हाती पहिल्याच आठवड्यात द्यावी. तिसरी, निदान एक वर्षपर्यंत “पूर्वीचे फादर असे करीत” हे वाक्य कोणी उच्चारू नये. गेलेल्यांची स्तुती करून आलेल्यांस दुखविणे ही स्तुती नव्हे. आणि शेजारच्या मेथडिस्ट मंडळीत नवा पाळक येईल तेव्हा त्याच्याही दारी आपण स्वागतास जावे.

पाळक येतील आणि जातील. उत्तम मेंढपाळ एकच आहे, आणि त्याची बदली होत नाही. तो आपणां सर्वांस एका कळपात राखो, हीच आमची प्रार्थना.