आधी मध्य, मग बोल्ट



मिरगाचा पाऊस चांगला पडून गेला की डहाणू-तलासरीच्या भातखाचरांत चिखलणीची घाई सुरू होते. आता पुष्कळ ठिकाणी बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आहे. ज्याच्या घरी ट्रॅक्टर नाही, तो तासाच्या भाड्याने बोलावतो. अशा ऐन वेळी एका ट्रॅक्टरचा क्लच गेला, तर काम एकट्या मालकाचे अडत नाही. त्याच्या भरवशावर बसलेल्या सगळ्यांची लावणी मागे पडते. आणि क्लच एकदा नीट बसला नाही, तर तेच काम आठवड्याने पुन्हा काढावे लागते. म्हणून आज क्लच बसवण्यातील एकाच गोष्टीविषयी बोलू: प्लेटांचा मध्य साधणे.

क्लच करतो काय? इंजिनचे फिरणे गिअरबॉक्सला देतो, आणि पायाने पेडल दाबले की ते तोडतो. इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्यावर क्लच प्लेट टेकते, आणि प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोराने तिला दाबून धरते. सारे काम घर्षणाचे. एका प्लेटला घासणारे पृष्ठभाग दोन. दोन प्लेटा घातल्या तर चार. दाब तोच ठेवून पकड दुप्पट होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हेले-शॉ या इंग्रज अभियंत्याने पुष्कळ प्लेटांचा क्लच पुढे आणला, तो याच हिशेबावर. तुमच्या मोटरसायकलमध्ये तेलात बुडालेल्या पाच-सहा छोट्या प्लेटा असतात, त्या याच जातीच्या. मात्र तेथे प्लेटांच्या कडेचे दाते बाहेरच्या टोपलीत अडकतात, त्यामुळे मध्य आपोआप साधतो. ट्रॅक्टरमध्ये तसे नाही.

ट्रॅक्टरच्या दुहेरी क्लचमध्ये दोन प्लेटा असतात, पण दोघींची कामे वेगळी. एक गिअरबॉक्स फिरवते, म्हणजे चाके चालवते. दुसरी पी. टी. ओ. फिरवते, म्हणजे मागचा रोटाव्हेटर किंवा भातझोडणीचे यंत्र चालवते. पेडल अर्धे दाबले की चाके थांबतात, पण रोटाव्हेटर फिरतच राहतो; पुरते दाबले की दोन्ही थांबतात. बांधाच्या कोपऱ्यात हे किती सोयीचे पडते, ते चिखलणी करणाऱ्याला सांगायला नको.

आता या दोन प्लेटांसाठी शाफ्टही दोन, एकात एक. बाहेरचा पोकळ शाफ्ट पी. टी. ओ.चा. त्याच्या पोटातून आतला बारीक शाफ्ट पुढे येतो, तो गिअरबॉक्सचा. त्याचे टोक फ्लायव्हीलच्या मध्यावरील छोट्या पायलट बेअरिंगमध्ये बसते. म्हणजे गिअरबॉक्स जोडताना एकाच वेळी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: एका प्लेटचे लहान दातेरी भोक, दुसरीचे मोठे दातेरी भोक, आणि बेअरिंग.

खरी मेख येथे आहे. क्लचचे बोल्ट आवळेपर्यंत प्लेटा मोकळ्या असतात, कुठेही सरकतात. बोल्ट आवळले की स्प्रिंगांचा जोर त्यांना असेल तेथे जखडून टाकतो. त्या वेळी प्लेट अर्धे सूत जरी खाली उतरलेली असली, तरी शाफ्ट आत जायचा नाही. म्हणून मध्य साधायचा तो आवळण्यापूर्वी. नंतर कितीही जोर केला तरी व्यर्थ.

यासाठी डमी शाफ्ट वापरतात. दुहेरी क्लचचा डमी पायऱ्यापायऱ्यांचा असतो: टोक बेअरिंगच्या मापाचे, त्यामागचा भाग लहान भोकाचा, त्यामागचा मोठ्या भोकाचा. नसेल तर लेथवर त्या मापाचा करून घ्यावा. नुसत्या नजरेवर विसंबू नये. प्रथम पायलट बेअरिंग तपासा. खडखडत असेल तर तेव्हाच बदला. प्रत्येक प्लेट शाफ्टच्या दात्यांवर सरकवून पाहा. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू कोणती, ते खुणेवरून ठरवा. डमी घालून सारे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. शेवटी डमी हाताने ओढून पाहा. तो अलगद निघाला आणि अलगद परत गेला, तर मध्य साधला. अडला, तर बोल्ट ढिले करून पुन्हा पहिल्यापासून. काही बनावटींत एक प्लेट क्लचच्या पेटीतच बांधलेली असते. ती पेटी खोलली असेल, तर बांधतानाही हाच नियम.

मग ट्रॅक्टरचे दोन भाग जोडायचे. सांध्याची फट वर, खाली आणि बाजूंना सारखी दिसली पाहिजे. दोन समोरासमोरच्या भोकांत डोके कापलेले लांब बोल्ट घालावेत, म्हणजे मागचा भाग त्यांच्यावरून सरळ सरकतो. दात्यावर दाता आला तर पी. टी. ओ. किंवा फ्लायव्हील किंचित फिरवावे. तरीही फट राहिली, तर बहुतेक जण एक चूक करतात: बोल्ट लावून ती फट ओढून घेतात. हा आततायीपणा महागात पडतो. भोकाचे दाते मोडतात, प्लेट वाकते, आणि मग क्लच पुरता सुटत नाही. गिअर घालताना कुरकुरतो. फट हाताच्या जोराने मिटली पाहिजे. बोल्ट सांधा घट्ट करण्यासाठी आहेत, ओढण्यासाठी नाहीत. गिअरबॉक्सचे ओझेही क्षणभर शाफ्टवर लोंबकळू देऊ नका.

जिवाची गोष्ट शेवटी सांगतो, म्हणून ती कमी महत्त्वाची नव्हे. ट्रॅक्टरचा पुढचा कणा मधल्या एका खिळीवर झुलता असतो. मागचा भाग सुटला की इंजिन कुशीवर कलंडू शकते. म्हणून खोलण्यापूर्वीच कण्याच्या वर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका, दोन्ही भागांखाली भक्कम आधार द्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका. बॅटरीची तार काढा. फटीत बोट घालून दाते चाचपू नका. आणि क्लचची भुकटी हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि तो छातीला घातक आहे.

शिक्षकबंधू आणि भगिनींनो, हा धडा वर्गातही घेता येईल. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, मध्ये पेन्सिलीएवढे भोक पाडा. एका मुलाला त्या दोन वह्यांमध्ये दाबून धरायला सांगा. पण खालच्या वहीलाही तसेच भोक असू द्या आणि वरच्या वहीला थोडे मोठे. आधी पेन्सिल घालून मग दाबले, तर ती काढून पुन्हा सहज जाते. आधी दाबले आणि चकत्या सरकलेल्या असल्या, तर कितीही रेटा, जात नाही. उलट पुठ्ठा फाटतो. घर्षण म्हणजे काय आणि घाई म्हणजे काय, दोन्ही मुलांना एका तासात कळतील. त्यांतलाच एखादा उद्या चारोटी नाक्यावर किंवा तलासरीत पाना हातात घेणार आहे. तो बोल्ट आवळण्यापूर्वी डमी मागेल, एवढे जरी झाले, तरी कुणाची तरी लावणी वेळेवर होईल.