पैसा कुणाचा, प्रश्न कुणाचा?



आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. संशोधनाला लागलो की एक शब्द कानावर येतो, ‘परदेशी हस्तक्षेप’. हा धोका खरा आहे, की आपल्याला गप्प बसवण्याचं निमित्त? माझं उत्तर आहे, दोन्ही. म्हणूनच फरक ओळखायला शिकलं पाहिजे.

अमेरिकेतली दोन माणसं घ्या. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लीबर यांनी चीनमधल्या एका विद्यापीठाशी करार केला, पैसे घेतले आणि सरकारी चौकशीत खोटं सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये ते दोषी ठरले. परदेशी विद्यापीठासोबत काम करणं हा त्यांचा गुन्हा नव्हता. ते लपवणं हा होता.

दुसरे टेनेसी विद्यापीठाचे प्राध्यापक आनमिंग हू. मूळचे चीनचे. त्यांना २०२० मध्ये अटक झाली, नोकरी गेली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने निर्दोष सोडलं. ज्या सरकारी मोहिमेत हे घडलं, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये गुंडाळावी लागली, कारण चिनी वंशाच्या संशोधकांकडे संशयाने पाहिलं जातंय ही टीका वाढत गेली. माणसाने काय केलं यापेक्षा तो कुठे जन्मला यावरून संशय घेणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता आपल्याकडे या. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने सरकारी विद्यापीठांना सांगितलं, देशाच्या ‘अंतर्गत बाबीं’वर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषद घ्यायची तर आधी परवानगी घ्या. वैज्ञानिकांनी विरोध केला आणि पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत, आदेश मागे घ्यावा लागला. पण विचार करा, जात ही ‘अंतर्गत बाब’ नाही तर काय?

पुढच्याच वर्षी राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे नवे नियम आले. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. त्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन यादीतून वगळलं. इथे पैसा परदेशी नव्हता, आपल्याच सरकारचा होता. तरी प्रश्न कुठला विचारायचा, हे पैसा देणाऱ्याने ठरवलं.

मे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. ते तिथे गेले होते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. २०२२ च्या नियमांत तो विषय बसला नसता.

म्हणून कुठल्याही प्रकल्पावर सही करण्याआधी, पैसा परदेशी असो की देशी, तीन गोष्टी विचारा. पैसे कोण देतंय, आणि ते उघडपणे लिहिता येईल का? निष्कर्ष देणाऱ्याला आवडले नाहीत तरी छापता येतील का? आपल्या वस्तीतल्या माणसांच्या मुलाखती आणि माहिती कुणाच्या ताब्यात राहील? उत्तर लेखी घ्या. गाईड म्हणाले ‘नंतर बघू’, तर नम्रपणे पुन्हा विचारा. कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवा. गडबड झाली तर मोठ्या नावांना वकील मिळतो, आपल्याला कागदच वाचवतो.

लपवू नका आणि घाबरूही नका. पैसा कुणाचाही असो, प्रश्न आपला असला पाहिजे.

जय भीम.