घरी बांधलेल्या मोटारीतील अल्टरनेटरची जोडणी

(व्यवसाय-शिक्षण देणाऱ्या शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मोटार ही कारखान्यातच तयार व्हावयाची वस्तू आहे, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. ब्रिटनमध्ये मात्र सुट्या भागांचा संच आणून घरच्या आवारात मोटार बांधण्याची प्रथा दीर्घकाळ रुजलेली आहे. १९५७ साली आलेली ‘लोटस सेव्हन’ हे तिचे ठळक उदाहरण होय. त्या काळी तयार मोटारीवर खरेदी-कर असे. घरी जोडावयाच्या संचावर तो पडत नसे. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. छंद मात्र टिकून राहिला. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्‌स मोटार कशी बांधावी, हे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन व इतर भाग घेऊन लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर मोटार उभी करणे त्यामुळे अनेकांच्या आवाक्यात आले.

या कामात सांगाडा जोडणे कष्टाचे असते. परंतु मोटार विश्वासाने चालेल की वाटेत बंद पडेल, हे पुष्कळदा अल्टरनेटरच्या दोन तारांवर आणि एका अर्थवर ठरते.

अल्टरनेटरमध्ये प्रथम प्रत्यावर्ती वीज निर्माण होते. आतील डायोड तिचे एकदिश विजेत रूपांतर करतात आणि रेग्युलेटर तिचा दाब सुमारे १४ व्होल्टवर राखतो. यंत्राच्या मोठ्या खिळ्यापासून निघणारी जाड तार बॅटरीच्या धन टोकापर्यंत, बहुधा सेल्फच्या खिळ्यामार्गे, जाते. चावी बंद असतानाही या तारेत वीज असते, हे विसरता कामा नये. म्हणून ती तापणाऱ्या सायलेन्सरच्या नळीपासून दूर न्यावी, पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे बसवावे आणि बॅटरीच्या बाजूला योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा. जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसविताना तर विशेष दक्षता हवी. ३० अँपिअरच्या जुन्या अँपिअर-मीटरमधून नव्या यंत्राचा सारा प्रवाह नेला, तर मीटर व तारा जळण्याचा धोका संभवतो.

दुसरी तार बारीक असते. ती चावीकडून, मीटर-बोर्डावरील चार्जिंगच्या दिव्यातून, अल्टरनेटरकडे येते. हा दिवा केवळ सूचना देण्यासाठी आहे, असे मानणे चूक ठरेल. चावी फिरविताच त्याच्यामधून बॅटरीचा अल्पसा प्रवाह यंत्रातील गुंडाळीत जातो आणि तेथे आरंभीचे चुंबकत्व निर्माण होते. यंत्र वीज देऊ लागले की दिव्याच्या दोन्ही बाजूंचा दाब समान होतो व दिवा विझतो. अनेक यंत्रांत हा साधा बल्ब उडाला, तर अल्टरनेटर उत्तम स्थितीत असूनही वीज देण्यास प्रारंभ करीत नाही. घरी मीटर-बोर्ड तयार करणारे हौशी कारागीर बल्बऐवजी एलईडी बसवितात, तेव्हाही असेच घडू शकते. एलईडीमधून पुरेसा प्रवाह जात नाही. अशा वेळी तिला समांतर योग्य रोधक जोडावा लागतो.

आता अर्थचा विचार. कारखान्यातील मोटारीची पोलादी बॉडी हीच विजेची परतीची वाट असते. घरी बांधलेल्या मोटारीची बॉडी अनेकदा फायबरग्लासची असते आणि तिच्यातून वीज वाहत नाही. सांगाड्यावर रंगाचा जाड थर असतो, तर इंजिन रबरी गुटक्यांवर बसलेले असते. म्हणून इंजिनपासून सांगाड्यापर्यंत व सांगाड्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत जाड अर्थपट्टी हवी आणि तिच्या खालचा रंग खरवडून धातू उघडा केलेला हवा. ही पट्टी विसरली, तर सेल्फ मारताना प्रवाह अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो व ती केबल तापून निकामी होऊ शकते.

सैल सांध्याचा हिशेब सोपा आहे. सांध्याचा रोध ०.०२ ओहम आणि प्रवाह ४० अँपिअर असेल, तर ०.८ व्होल्ट तेथेच खर्च होतात. अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट असूनही बॅटरीला १३.४ च मिळतात आणि त्या एका सांध्यात ३२ वॅट उष्णता निर्माण होते. बॅटरी वारंवार उतरते. मालक नवी बॅटरी आणतो. दोष मात्र जागच्या जागीच राहतो.

काही पथ्ये कटाक्षाने पाळावयास हवीत. इंजिन चालू असताना बॅटरी सोडवू नये. दाब एकाएकी उसळून डायोड जळतात. बॅटरी उलटी जोडल्यासही तेच घडते. काही जुन्या ब्रिटिश मोटारींत धन टोक अर्थला जोडलेले असे. तेथे हे आधी तपासावे. सांगाड्यावर विद्युत वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी व अल्टरनेटर दोन्ही सोडवावेत.

शेवटी परीक्षा करावी. इंजिन बंद असता पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू होताच ते १४ च्या आसपास जावयास हवेत. मग मोठे दिवे लावून अल्टरनेटरचे कवच व बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब मोजावा. तो एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा अधिक भरला, तर अर्थ सदोष आहे असे समजावे.

आपल्या देशात घरी बांधलेले वाहन रस्त्यावर आणण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ व त्याखालील नियमांच्या कठोर मर्यादा आहेत आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्या रास्तच आहेत. तथापि हे ज्ञान त्यामुळे परके ठरत नाही. गावातील ट्रॅक्टर, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका व शाळेची बस यांतही याच तत्त्वावर चालणारे अल्टरनेटर असतात. रात्री रुग्णवाहिका सुरू होत नाही, तेव्हा कारण कधी कधी गंजलेली अर्थपट्टी किंवा उडालेला बल्ब एवढेच असते. नवी बॅटरी मागविण्यापूर्वी व्होल्ट-मीटर लावून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर गावाचा पैसा वाचेल आणि प्रसंगी रुग्णाचा अमोल वेळही वाचेल.