तिकिटावरची वेळ आणि घरून निघायची वेळ

मुरबाड-शहापूरकडच्या आपल्या गटांत आता लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघालेल्या आयाही भेटतात. पहिला प्रश्न ठरलेला: किती लांब?

मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,९०० किलोमीटर. विमानाला तीन-सव्वातीन तास लागतात. तिकीट पाहून मात्र गोंधळ होतो. पहाटे साडेचारला निघून सहाला पोचणार, म्हणजे दीडच तास? नाही. तिकिटावर त्या त्या ठिकाणची वेळ छापतात, आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. येताना उलट. तिथून रात्री दहाला निघालात तर इथे उतरेपर्यंत अडीच वाजतात, तारीखही बदलते. घ्यायला येणाऱ्याला ती नवी तारीख सांगा.

खरी फजिती तारखेचीच होते. १० तारखेला रात्री १२:४५चं विमान म्हणजे ९ तारखेच्या संध्याकाळीच मुरबाड सोडायचं. १०च्या रात्री गेलात तर विमान आदल्याच रात्री उडालेलं असतं, आणि तिकिटाचे पैसे बहुतेक बुडतात.

परदेशच्या विमानासाठी तीन तास आधी पोचा. बॅगा घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, मग कितीही हात जोडा. कल्याणहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो, हा स्वस्त मार्ग. सकाळच्या गर्दीत बॅगा घेऊन मात्र नको गं बाई! संध्याकाळी मुंबईकडची लोकल त्यामानाने मोकळी असते. आणि हो, आता नवी मुंबईचंही विमानतळ सुरू झालंय. आपलं विमान कुठून सुटणार, ते तिकिटावर आधी कुणाकडून तरी वाचून घ्या.