फुकटचं काम आणि त्याची शिस्त



ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या खिशात लिनक्स आहे. जगातल्या सर्वात वेगवान पाचशे महासंगणकांची यादी निघते, तिच्यातले सगळेच्या सगळे 2017 पासून लिनक्सवर चालतात. लिनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 1991 साली हेलसिंकीत हौसेखातर सुरू केलेलं हे काम. आज त्याची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीत साधारण दहा हजारांहून जास्त बदल असतात. ते करणारी माणसं देशोदेशी विखुरलेली आहेत. काही कंपन्यांची पगारी, काही हौशी, बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. इथे कुणी कुणाचा साहेब नाही. कुणाची बढती अडवता येत नाही, कुणाला मेमो देता येत नाही. तरी काम वेळेवर होतं. ते कोणत्या शिस्तीवर चालतं, ती शिस्त कशी घडली आणि कुठे तोकडी पडली, याविषयी आज बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा खुल्या कोडच्या, म्हणजे ओपन सोर्सच्या, जगातले वागणुकीचे नियम म्हटले की लोकांना वाटतं, शिव्या देऊ नका, नीट बोला, एवढंच. तेवढं हवंच. पण या जगात सर्वात दुर्मीळ वस्तू कोणती असेल तर ती मेंटेनरचा वेळ. आलेला प्रत्येक बदल वाचून तो घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवणारा, आणि घेतल्यावर पुढची दहा वर्षं तो निस्तरणारा, तो मेंटेनर. पंगतीत वाढायला गावातलं कुणीही उठतं, पण मुदपाकखान्यात आचारी एकच असतो आणि मीठ जास्त झालं तर बोल त्यालाच लागतो. तेव्हा एखादा माणूस चांगला वागतो की वाईट, हे मी त्याच्या शब्दांवरून कमी आणि तो या आचाऱ्याचा वेळ कसा वापरतो त्यावरून जास्त ठरवतो.

असा एक बदल, म्हणजे पॅच, जवळून पाहू. समजा, तुमचा लॅपटॉप झोपेतून जागा झाला की टचपॅड चालत नाही. तुम्ही खटपट करून कारण शोधलं, दोन ओळींची दुरुस्ती केली. पाठवायची कुणाला? लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलच्या कोडसोबतच 'मेंटेनर्स' नावाची एक लांबलचक फाइल येते. कोणता भाग कोण सांभाळतं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. तुमच्या पॅचवरून नेमकी नावं काढून देणारा छोटासा प्रोग्रामही सोबत मिळतो, म्हणजे 'मला ठाऊक नव्हतं' म्हणायची सोय नाही. पॅच पाठवायचा तो साध्या मजकुराच्या ईमेलमधून. अटॅचमेंट चालत नाही, कारण तपासणारा तुमच्या कोडच्या प्रत्येक ओळीखाली आपला शेरा लिहिणार असतो. विषयाच्या ओळीत आधी विभागाचं नाव, मग काय केलं ते, सत्तर-पंचाहत्तर अक्षरांत. मजकुरात आधी दुखणं सांगायचं, ते कुणाला होतं ते सांगायचं, उपाय नंतर. वर्णन आज्ञार्थी करायचं, म्हणजे कोडलाच हुकूम सोडल्यासारखं: 'टचपॅड पुन्हा चालू कर'. 'मी चालू केला' असं लिहिलंत तर कुणीतरी दुरुस्त करायला लावणार. एका पॅचमध्ये एकच बदल. जाता जाता शेजारच्या चार ओळी नीटनेटक्या कराव्याशा वाटल्या, तर त्याचा पॅच वेगळा. आणि पहिला पॅच परत आला की दुसऱ्या खेपेला काय बदललं ते तीन छोट्या रेघांच्या खाली लिहायचं. तेवढा मजकूर तपासणाऱ्यासाठी असतो, कर्नलच्या इतिहासात तो नोंदला जात नाही.

मग वाट पाहायची. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, निदान एक आठवडा तरी थांबल्याशिवाय आठवण करू नका, असं मार्गदर्शिकेत लिहून ठेवलंय. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसल्या की पाचव्या मिनिटाला 'काय झालं?' विचारणाऱ्या आपल्या मंडळींना हे जड जातं, पण नियमामागचा विचार सरळ आहे. तुमचा पॅच एक असतो, त्याच्यापुढे दोनशे असतात.

या मार्गदर्शिका रुक्ष असतात असं मात्र समजू नका. कोड कसा मांडावा हे सांगणारा टॉरवल्ड्स यांचा दस्तऐवज वाचा, हसू येईल. ओळ आठ अक्षरं आत सरकवायची, असा त्यांचा दंडक. जे चारचा आग्रह धरतात ते गणितातल्या 'पाय'ची (π) किंमत तीन ठरवायला निघालेले लोक आहेत, असा शेरा त्यांनी तिथेच मारून ठेवलाय.

आता सहीची गोष्ट. 2003 मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. आमचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवलाय, असा आरोप. तेव्हा लक्षात आलं की कोणती ओळ कुणाकडून आणि कोणत्या हक्काने आली, याची नीट साखळीच नाही. म्हणून 2004 पासून प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ आली. तिचा अर्थ एवढाच की हे मी लिहिलं आहे, किंवा हे देण्याचा मला अधिकार आहे. पॅच ज्या मेंटेनरच्या हातून पुढे जातो तोही खाली आपली सही जोडतो. वकिलांच्या फौजेऐवजी एका ओळीवर काम भागवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. पुढे वर्तनसंहितेवर जितकी भांडणं झाली तितकी या ओळीवर कधी झाली नाहीत. खरं तर ही ओळसुद्धा वर्तनसंहिताच आहे.

भांडणं झाली ती बोलण्यावरून. टॉरवल्ड्स यांची जीभ जहाल. 2012 च्या डिसेंबरात एका अनुभवी मेंटेनरला त्यांनी सगळ्यांना जाणाऱ्या ईमेल-पत्रात अशा भाषेत झापलं की ते पत्र आजही लोक काढून वाचतात. मुद्दा त्यांचाच बरोबर होता: कर्नलमधल्या बदलामुळे लोकांचे चालते प्रोग्राम बंद पडता कामा नयेत. पण मुद्दा बरोबर असला की भाषा माफ, असा एक समज त्या काळात मुरला होता. 2013 मध्ये इंटेलमधल्या एका विकासकाने यावर जाहीर आक्षेप घेतला. उत्तर मिळालं, आमचं हे असंच आहे. 2015 मध्ये त्या व्यक्तीने कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी काही ओळींची एक संहिता आली. तिचं नाव काय ठेवलं असेल? 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट', म्हणजे संघर्षाची संहिता! तुमच्या कोडवर टीका होणारच, तयारीत राहा, फार लागलं तर तक्रार करा, असा एकंदर सूर. गुरूने छडी मारली तरच विद्या येते म्हणणाऱ्या पिढीतल्यांना हे ओळखीचं वाटेल.

मग 16 सप्टेंबर 2018 चा दिवस आला. टॉरवल्ड्स यांनी स्वतःच पत्र लिहून माफी मागितली. लोकांच्या भावना समजून घ्यायला आपल्याला मदत लागेल असं सांगितलं आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले. 4.19 ही आवृत्ती त्यांच्याऐवजी कर्नलचे एक ज्येष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी काढली. त्याच दिवशी जुनी संहिता जाऊन तिच्या जागी कोरलाइन एडा एमकी यांनी 2014 मध्ये लिहिलेल्या 'कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंट'वर आधारलेली नवी संहिता आली. आरडाओरडा बराच झाला. आता गुणवत्ता संपली, भावनांचं राज्य आलं, असं भाकीत पुष्कळांनी केलं. टॉरवल्ड्स पुढच्या आवृत्तीला परत आले आणि आवृत्त्या पूर्वीच्याच गतीने निघत राहिल्या. भाकीत करणाऱ्यांपैकी कुणी नंतर हिशेब दिल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

ही संहिता नुसती कागदावर राहिली का? तसंही नाही. 2024 च्या नोव्हेंबरात बीकॅशएफएस या फाइल सिस्टिमच्या लेखकाचे बदल 6.13 या आवृत्तीपुरते स्वीकारले गेले नाहीत. कारण त्याच्या कोडमध्ये नव्हतं. सहकाऱ्याला लिहिलेल्या एका पत्रातल्या भाषेत होतं. माणूस हुशार, काम मोलाचं, तरी एक आवृत्ती थांबा. मला हा निर्णय योग्य वाटतो. कुणाला तो कडक वाटेल.

इथवर उद्धटपणाची गोष्ट झाली. तो निदान दिसतो तरी. खरी पंचाईत होते ती गोडबोल्यांची.

2021 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांचं एक प्रकरण बाहेर आलं. मुद्दाम खोट असलेले पॅच पाठवून मेंटेनरांना ते कळतं का, असा प्रयोग त्यांनी केला होता. ज्यांच्यावर प्रयोग चालला त्यांना विचारलेलंच नव्हतं. क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठातून येणारे सगळे पॅच बंद केले, पूर्वीचे पुन्हा तपासायला काढले, आणि तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला. पत्रांत अपशब्द एकही नव्हता. संहितेच्या शब्दांत चिमटीत धरावं असंही काही नव्हतं.

त्याहून भयंकर प्रकार एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचा. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, फुकट, थकलेला. 2021 पासून 'जिया तान' या नावाने कुणीतरी नम्रपणे, नियमितपणे चांगले पॅच पाठवू लागलं. 2022 मध्ये दुसऱ्याच काही नावांनी मेंटेनरवर दबाव सुरू झाला: किती उशीर, दुसऱ्याला कारभार का देत नाही? त्यातलं एक नाव भारतीय वळणाचं होतं. ते खरं असण्याची शक्यता फारच कमी. आपल्या तब्येतीची अडचण मेंटेनरने उघडपणे सांगितली, पण दबाव काही थांबला नाही. शेवटी जिया तानला अधिकार मिळाले आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघडकीला आणला. दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढी शंका त्याला आली होती.

या कटात जिया तानपेक्षा मला ती तगादा लावणारी पत्रं जास्त बोचतात. कारण तशी पत्रं खोट्या नावाने लिहिणारे थोडे आणि खऱ्या नावाने लिहिणारे ढीगभर. फुकट मिळालेल्या वस्तूवर गिऱ्हाइकाचा हक्क सांगणं, हे आजच्या ओपन सोर्समधलं सर्वात पसरलेलं गैरवर्तन आहे आणि बहुतेक संहितांत त्याला कलमच नाही.

आता आपल्या घरात डोकावू. दर ऑक्टोबरात हॅकटोबरफेस्ट नावाचा ओपन सोर्सचा उपक्रम होतो, ठरावीक संख्येने बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळायचा. 2020 मध्ये एका भारतीय शिकवणीच्या व्हिडिओत नमुना दाखवला गेला, की माहितीच्या फाइलमध्ये एखादा शब्द वाढवा आणि पाठवा. हजारो मुलांनी तेच केलं. जगभरच्या मेंटेनरांचा तो आठवडा कचरा काढण्यात गेला, आणि आयोजकांना नियम बदलावा लागला: प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला तरच बदल मोजायचा. 2024 मध्ये तोच प्रकार एक्स्प्रेस या वेब फ्रेमवर्कवर. पुन्हा भारतीय व्हिडिओ, पुन्हा आपल्या मुलांची नावं माहितीच्या फाइलमध्ये. एकाही मुलाचा हेतू वाईट नव्हता. 'नोकरीला उपयोग होईल' म्हणून सांगितलं गेलं, त्यांनी केलं. आता तर पत्र लिहायलाही यंत्र आहे. कर्ल या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी 2024 मध्ये जाहीर तक्रार केली की सफाईदार इंग्रजीत, नम्र भाषेत, यंत्राने रचलेले सुरक्षा-दोषांचे खोटे अहवाल येतात आणि प्रत्येक खोडून काढायला माणसाचे तास जातात.

समोर अभियांत्रिकी महाविद्यालयांतले प्राध्यापक बसले आहेत, म्हणून एक विनंती करतो. गुण देताना विद्यार्थ्याचे किती बदल स्वीकारले गेले हे मोजू नका. त्याने एखाद्या बिघाडाची नोंद अशी लिहून दाखवावी की वाचणाऱ्याला तो बिघाड स्वतःच्या यंत्रावर करून पाहता येईल. वर्षभरात एक पुरे. आणि विद्यार्थ्यांनो, कर्नलच हवं असा हट्ट नको. लिबरऑफिसचे मेनू मराठीत आहेत. ते वापरा, जिथे मराठी खटकेल तिथे दुरुस्ती सुचवा. ते काम हेलसिंकीतल्या माणसाला जमणारं नाही, तुम्हाला जमेल. फक्त काहीही पाठवण्याआधी त्या प्रकल्पाची 'योगदान कसं द्यावं' ही फाइल पूर्ण वाचा, आणि पाठवल्यावर आठवडाभर थांबा.